दोन अक्षरांचे राखणदार

प्राध्यापकांच्या पायाला भिंगरी होती. वर्गात शिकवताना ते फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत असे येरझारा घालत, की मागच्या बाकावरच्या मुलांच्या माना टेनिसची मॅच बघितल्यासारख्या हलत. कुठल्या तरी जुन्या तुकडीने त्यांना 'भिंगरी' म्हटलं आणि पुढच्या सगळ्या तुकड्यांनी ते नाव वारसाहक्काने घेतलं. प्राध्यापकांना ते कळलं, पण रागवायचं तर माणसाला आधी एका जागी उभं राहावं लागतं.

संगणकशास्त्र विभागात ते नवे होते तेव्हा इंटरनेट हे प्रकरण देशात मोजक्याच लोकांना ठाऊक होतं आणि त्यातल्या निम्म्यांना ते फार दिवस टिकणार नाही अशी खात्री होती. इंटरनेटवर प्रत्येक देशाच्या पत्त्यांच्या शेवटी दोन अक्षरं लागतात आणि ती अक्षरं सांभाळायला त्या त्या देशात कुणीतरी लागतं. दूरदेशी बसलेला एक माणूस ही अक्षरं वाटत होता. त्याने ईमेल पाठवून विचारलं, तुमच्या देशाची सांभाळाल का? प्राध्यापकांनी एका शब्दात उत्तर दिलं, हो. मग ते विभागप्रमुखांकडे सांगायला गेले.

"यात पगार वाढतो का?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"नाही सर."

"मग रजा?"

"तीही नाही."

"मग राहू द्या तुमच्याकडेच."

झालं. ना ठराव, ना शिक्का, ना समारंभ. एका अख्ख्या देशाचं नाव एका माणसाच्या टेबलाखालच्या यंत्रात येऊन बसलं. सुरुवातीला त्याखाली नावं तरी किती? एक विद्यापीठ, एक बँक, हवामान खातं. प्राध्यापक ती हाताने टाईप करत आणि प्रत्येक नवीन नावाकडे पोटच्या पोरासारखं कौतुकाने बघत. पुढे दुकानं आली, वर्तमानपत्रं आली, दवाखाने, सरकारी कचेऱ्या, परीक्षेचे निकाल, सगळं त्या दोन अक्षरांखाली येऊन राहिलं. टेबलाखालची जागा पुरेना, तेव्हा टायरच्या दुकानावरचा मजला भाड्याने घेतला. तिथे बारा महिने रबराचा वास येई. देशाच्या इंटरनेटची किल्ली कुठे असते असं कुणी विचारलं, तर प्राध्यापक म्हणत, "नाकाने शोधा, सापडेल."

या कामामुळेच त्यांची भिंगरी जगभर फिरायला लागली. इंटरनेटला मालक नाही, राजा नाही. त्याचे नियम ठरतात ते अशाच लोकांच्या बैठकांत. कुठल्या तरी शहरातलं हॉटेल, बिनखिडक्यांची सभागृहं, गळ्यात बिल्ले, कोमट कॉफी आणि एका स्वल्पविरामावरून तीन दिवस भांडणारी शहाणीसुरती माणसं. प्राध्यापक त्या बैठकांत पाण्यातल्या माशासारखे वावरत. एका समितीतून दुसऱ्या समितीत, जेवणाच्या रांगेतून मसुद्याच्या चर्चेत. घरची बॅग कधी पूर्ण रिकामी झालीच नाही. बायको म्हणायची, "हे घरी येतात ते कपडे बदलायला."

या मंडळींची ठरवण्याची रीत मोठी गमतीची. ते मत देत नाहीत, हात वर करत नाहीत. अध्यक्ष विचारतो, "हे ज्यांना पटतं त्यांनी हुंकार द्या." मग सगळं सभागृह तोंड मिटून 'हं' करतं. नंतर ज्यांना पटत नाही ते. कोण कुणाच्या बाजूने, हे कुणाला दिसत नाही, त्यामुळे भीडमुर्वत आड येत नाही. अध्यक्ष डोळे मिटून ऐकतो. पण खरी मेख पुढे आहे. ज्याचा आवाज मोठा तो जिंकला, असं नसतं. विरोधातल्याला त्याचं कारण विचारायचं आणि त्या कारणाला कुणाकडेच उत्तर नसेल, तर तो एकटा असला तरी गाडी तिथेच थांबते.

प्राध्यापकांचं नाव झालं ते याच मेखेमुळे. तरुणपणी ते एका समितीचे अध्यक्ष होते. बड्या बड्या कंपन्यांनी मांडलेला प्रस्ताव, सभागृह खच्चून भरलेलं, बाजूचा हुंकार असा की टेबलावरचे ग्लास थरथरले. विरोधात एकच आवाज, एका छोट्या बेटावरून आलेल्या इंजिनिअरचा. त्याने विचारलं, "आमची समुद्रातली केबल दर दोन महिन्यांनी तुटते. त्या दिवशी तुमची ही पद्धत चालेल का?" कुणाला उत्तर देता आलं नाही. प्राध्यापकांनी प्रस्ताव परत पाठवला. कंपन्यांच्या लोकांनी आकाशपाताळ एक केलं, पण प्राध्यापक तसूभर हलले नाहीत. आयुष्यात ते हलले नाहीत असा हा बहुधा एकच प्रसंग.

बायको कोर्टात लघुलेखक होती. तिथे माणूस जे बोलतो ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं. हा हुंकाराचा प्रकार तिने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती पोट धरून हसली. "बरंय बाई. आमच्याकडे असं गुणगुणून जन्मठेप द्यायला लागले तर माझी नोकरी जायची."

वर्षं सरली. विद्यापीठाने प्राध्यापकांना निवृत्त केलं, शाल दिली, भाषणं केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांची खोली दुसऱ्याला दिली. पुस्तकांची खोकी घरी आली ती व्हरांड्यातच राहिली. प्राध्यापक दोन दिवस घरात फिरले. बायकोने भांडी लावली की ते वेगळ्या क्रमाने लावत. तिसऱ्या दिवशी ते सकाळीच टायरच्या दुकानावर जाऊन बसले आणि घरात शांतता झाली. आता त्यांच्याजवळ एवढंच उरलं होतं, ती दोन अक्षरं.

आणि त्या अक्षरांची किल्ली. देशातल्या सगळ्या नावांच्या यादीवर ठरावीक मुदतीने एक डिजिटल सही करावी लागते. जगभरची यंत्रं ती सही तपासतात. सही शिळी झाली की यंत्रं म्हणतात, ही यादी खरी कशावरून? आणि मग ती यादीच मानत नाहीत. नावं असून नसल्यासारखी होतात. ही सही करण्याचा पासवर्ड फक्त प्राध्यापकांच्या डोक्यात होता. सुरुवातीला त्याचं कारण होतं, ते एकटेच होते. नंतर कारण गेलं आणि सवय राहिली.

कार्यालयात त्यांच्या हाताखाली त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी काम करत होती. वर्गात असताना तिने त्यांच्या प्रत्येक सिद्धतेत काही ना काही खोट काढली होती, म्हणून त्यांनीच तिचं नाव 'खुसपट' ठेवलं होतं. नोकरी द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी दुसऱ्या कुणाचा अर्ज उघडूनही पाहिला नाही. ती हुशार होती, चिवट होती, आणि सरांवर तिचा फार जीव होता. फक्त तो दाखवायची तिची तऱ्हा खुसपट काढण्याची होती.

त्या वर्षी प्राध्यापकांच्या पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जाण्याआधी सही करून टाकायची, असं त्यांनी स्वतःलाच बजावलं होतं. पण निघायच्या सकाळी कुठल्या तरी समितीची फोनवर बैठक निघाली, तिथे कुणीतरी एक दुरुस्ती सुचवली, तिला विरोध करण्यात वेळ गेला, बायको दारात टॅक्सी थांबवून ओरडायला लागली, आणि प्राध्यापक फोन कानाला लावूनच टॅक्सीत बसले. सही राहिली ती राहिलीच.

ते भुलीखाली असताना ती शिळी झाली. खुसपट लॅपटॉप छातीशी धरून दवाखान्यात धावत आली, तेव्हा खाली स्वागतकक्षातली बाई फोनवर सांगत होती, "अहो, आमची वेबसाईटच उघडत नाहीये, मी तुम्हाला नंबर कुठून देऊ?" तिला काय ठाऊक, बिघाडाचं मूळ वरच्या मजल्यावर पांघरूण घेऊन झोपलंय!

खोलीत बायको खुर्चीत बसली होती. प्राध्यापक अर्धवट शुद्धीत होते.

"काकू, शुद्धीवर आलेत का? मला पासवर्ड हवाय."

"बोलतायत खरे," बायको म्हणाली, "पण मघापासून कुणाच्या तरी दुरुस्तीला हरकत घेतायत."

खुसपट खाली वाकली. "सर, पासवर्ड."

प्राध्यापकांनी काहीतरी सांगितलं. तिने टाईप केलं, चुकलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी तिला परीक्षेत दहापैकी सहा गुण दिले. परिचारिका आली आणि म्हणाली, "पेशंटला झोपू द्या, ऑफिस बाहेर करा." खुसपट व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून बसली. कार्यालयातून तिला फोनवर फोन येत होते: बँकेचे, रेल्वेच्या तिकिटांचे, वर्तमानपत्राचे. ती प्रत्येकाला "तांत्रिक बिघाड आहे, काम सुरू आहे" सांगत होती आणि दर वेळी तिचा आवाज आणखी बारीक होत होता.

दुपारी प्राध्यापकांची भूल उतरली. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताने त्यांनी सही केली. नावं परत आली. वर्तमानपत्रात 'तांत्रिक बिघाड' असंच छापून आलं. खरं काय ते तिघांनाच ठाऊक होतं.

"सर, मला शिकवा," खुसपट त्यांच्या पलंगाशी उभी राहून म्हणाली. "मला आणि आणखी दोघांना. एकट्याला उघडता येणार नाही, पण तिघांतले कुणीही दोघे मिळून उघडतील, असं करता येतं. तुम्हीच शिकवलंय वर्गात."

"शिकवणार ना. घरी जाऊ दे."

घरी आले. मग म्हणाले, परिषदेहून आलो की. परिषदेहून आले, मग अहवाल होता. एका रविवारी ती सकाळीच घरी आली. प्राध्यापकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र मांडलं, कॉफी केली, आणि सुरुवात केली ती पार त्या पहिल्या ईमेलपासून. विभागप्रमुख आले, टेबलाखालचं यंत्र आलं, बेटावरचा इंजिनिअर आला. किल्लीपर्यंत गोष्ट पोचायच्या आतच त्यांना विमानतळावर जायची वेळ झाली. ते बॅग घेऊन निघूनही गेले. खुसपट गार झालेल्या कॉफीसमोर बसून राहिली.

"पालथ्या घड्यावर पाणी आहे काकू हे."

"अगं, तुला वाटतं तू किल्ली मागतेयस," बायको म्हणाली. "त्यांना वाटतं तू त्यांना म्हातारं म्हणतेयस."

खरं सांगायचं तर प्राध्यापकांना भीती वाटत होती. विमानात खिडकीशी बसून ते कागद चाळत, बाजूच्याला उठवून मागे-पुढे फिरत, हवाई सुंदरीला तीनदा पाणी मागत, आणि मनात एकच विचार भणभणत राही. किल्ली दिली, की मग आपण कोण? विद्यापीठ गेलं, वर्ग गेला. ही दोन अक्षरं गेली, की उरेल तो एक खोकी न उघडलेला माणूस, भांडी वेगळ्या क्रमाने लावणारा. त्या विचारापाशी पोचलं की ते उठून पुन्हा फिरायला लागत.

ही अक्षरं वापरणाऱ्यांची वार्षिक सभा जवळ आली; पुढे सरकारने घालून दिलेली प्राध्यापकांची मुदतही तेव्हाच संपत होती. दळणवळण खात्याच्या सचिवबाईंनी सरळ दोन पर्याय ठेवले. एक, प्राध्यापकांची मुदत वाढवायची आणि सगळं आहे तसं एकट्याकडे ठेवायचं. दोन, किल्ली तिघांच्या स्वाधीन करायची, आणि त्या तिघांत प्राध्यापक नसतील. "ठरवा तुमचं तुम्हीच, तुमच्या त्या पद्धतीने," बाई म्हणाल्या. "पहिल्यावर सहमती झाली नाही, तर दुसरा लागू. जे ठरेल ते खात्याला मान्य."

सभेच्या दिवशी प्राध्यापक सकाळपासून घरभर फिरत होते. बूट घातले, काढले, दुसरे घातले.

"अध्यक्ष कोण आहे?" बायकोने विचारलं.

"मीच. नेहमीसारखा."

"म्हणजे आरोपी तुम्ही आणि न्यायाधीशही तुम्हीच? बसून घ्या जरा, नाहीतर साक्षीदारही तुम्हीच व्हाल."

"आमच्यात न्यायाधीश नसतो गं. नुसते कान असतात."

सभा वाचनालयाच्या वरच्या दालनात होती. वेबसाईटची नावं विकणारे व्यापारी, विद्यापीठांचे लोक, बँकांचे प्रतिनिधी, एक वकील, खिडकीपाशी सचिवबाई. खुसपट मागच्या रांगेत भिंतीला लागून बसली होती. तिच्या मांडीवर काहीच नव्हतं, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले होते. वकिलांनी सुचवलं, की या विषयापुरता दुसरा अध्यक्ष असावा. प्राध्यापक म्हणाले, "अध्यक्षाला मत नसतं," आणि लोक कौतुकाने हसले.

त्यांनी डोळे मिटले. "मुदत वाढवावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हुंकार द्यावा."

काय तो हुंकार! सगळं दालन भरून गेलं. त्यात धाक नव्हता, भीड नव्हती, निव्वळ माया होती. या माणसांची नावं त्यांनी आपल्या हाताने टाईप केली होती. इतकी वर्षं ते दुसऱ्यांसाठीचे हुंकार ऐकत होते. स्वतःसाठीचा पहिल्यांदाच ऐकला.

"आणि किल्ली तिघांकडे द्यावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी."

मागून एकच आवाज आला. बारीक, पण न थरथरणारा. तो कुणाचा हे ओळखायला प्राध्यापकांना डोळे उघडायची गरज नव्हती.

"झालं तर मग," वकील म्हणाले आणि कागद गोळा करायला लागले. व्यापाऱ्यांपैकी एकाने टाळीही वाजवली. आता फक्त 'ठराव मंजूर' म्हणायचं होतं. कारण न विचारता पुढे गेले असते तरी त्या दिवशी कुणी बोट दाखवलं नसतं. पण जन्मभर जे वाक्य म्हटलं ते जिभेवर बसलेलं असतं.

"विरोध कुणाचा आहे? कारण सांगावं."

खुसपट उभी राहिली. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. "मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली. "उद्या काही कारणाने सरांना सही करता आली नाही, तर ती कोण करणार?"

दवाखान्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

"अहो, इतक्या वर्षांत सरांनी एक दिवस चुकवलाय का?" बँकेचा प्रतिनिधी म्हणाला. प्राध्यापकांचे कान तापले.

"सरांची तब्येत बघा की," व्यापारी म्हणाला. "त्यांच्यामागे चालताना आम्हाला धाप लागते." लोक हसले.

"सरांनी या देशासाठी जे केलं ते..." वकिलांनी सुरुवात केली.

"हे उत्तर नाही," प्राध्यापक म्हणाले. "त्यांनी विचारलंय, सही कोण करणार. कुणाकडे उत्तर आहे?"

ते थांबले. एकेका चेहऱ्याकडे बघत राहिले. कुणीतरी बोला, काहीही बोला, असं त्यांचं मन आतून विनवत होतं. सचिवबाई खिडकीबाहेर बघत होत्या. खुसपट अजून उभीच होती, किंचित पुढे झुकून. उत्तर त्यांनाच देता येण्यासारखं होतं. पुढच्या महिन्यात शिकवतो. तीन शब्द पुरले असते, आणि या दालनातल्या प्रत्येकाने ते खरे मानले असते. त्यांनी तोंड उघडलं. पण हे शब्द त्यांनी पलंगावरून म्हटले होते, स्वयंपाकघरात म्हटले होते, विमानतळावर जाताना दारातून म्हटले होते, आणि ज्या एका माणसाला ते खोटे आहेत हे ठाऊक होतं, ती समोर उभी होती.

"आक्षेपाला उत्तर मिळालेलं नाही," प्राध्यापक म्हणाले. "त्यामुळे मुदत वाढवण्यावर सहमती झालेली नाही. किल्ली तिघांकडे जाईल."

एकच गलका झाला. "अहो सर, एका आवाजासाठी?" वकील ओरडले. कुणी खुसपटकडे रागाने बघितलं, कुणी खुर्च्या सरकवल्या. सचिवबाई उठल्या, जवळ येऊन नमस्कार करून गेल्या. प्राध्यापकांनी कामकाज पुरं केलं, पुढचे विषयही घेतले, आभारसुद्धा मानले.

लोक पांगल्यावर ते जिन्यापाशी उभे होते. खुसपट जवळ आली. तिचे डोळे लाल झाले होते आणि ती चिडलेली होती.

"सर, का नाही बोललात तुम्ही? शिकवायला सुरुवात केलीय, एवढं जरी म्हणाला असतात, तरी मी खाली बसले असते. किती वेळ थांबले मी! मला वाटलं होतं, तुमच्याकडे उत्तर असेल."

प्राध्यापकांनी कठडा धरला.

"मीही त्यासाठीच थांबलो होतो गं," ते म्हणाले. "मलाही वाटलं होतं, असेल."